पाणी कमी पडलं म्हणे

मित्रांनो, केळापूर तालुक्यात, हैदराबादकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून थोडं आत वामनरावांचं शेत आहे. कपाशी आणि तूर. त्या शेतात मोटरीची एक खोली आहे आणि तिच्या खिडकीत एक निळी बाटली उभी आहे. टोपण तडकलेलं, अंगावर काळ्या तेलाचे ओघळ. ती जुनी बाटली म्हणजे मी. आज माझ्यात मोटरीचं जळकं ऑइल भरून ठेवतात. एके काळी माझ्यात पाणी असायचं आणि ते पाणी एका मुलीच्या कमरेला बसून रानभर धावायचं.

माझ्या जन्माची गोष्ट फार मोठी नाही. नागपूरकडच्या एका कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात फुगवलं आणि माझ्यासारख्या शेकडो बहिणी एकदम बाहेर पडल्या. तिथून मी पांढरकवड्याच्या एका भांड्यांच्या दुकानात आले. तिथे एके दिवशी विजयमालाबाई आल्या, सोबत त्यांची मुलगी प्रेरणा. बाईंनी मला उलटं केलं, दाबून पाहिलं.

"गळन तर नाही ना, भाऊ?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. मग माझ्या शेजारची दोन लिटरची बाटली उचलली. "हे घे, पोरी. हे मोठी आहे."

"आई, मले धावाचं आहे," प्रेरणा हसत म्हणाली. "धुणं नाही धुवाचं. हेच लहान दे."

अशी मी त्या घरी गेले.

विजयमालाबाईंना पाण्याची एवढी काळजी का होती, ते मला पुढे कळलं. त्यांचा धाकटा भाऊ भगवान. भर मे महिन्यात शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला गेला. पाणी न्यायचं विसरला. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडला तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत तो गेला. तेव्हापासून बाई ज्याच्या-त्याच्या हातात पाण्याचा गडू देत. पोस्टमन आला तरी पाणी, मीटर वाचणारा आला तरी पाणी. कोणी नको म्हटलं तर त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

त्यांनी जुन्या साडीचा काठ काढून माझ्यासाठी पट्टा शिवला. पहाटे प्रेरणा मला कमरेला बांधायची आणि मोठ्या रस्त्याच्या कडेने धावत सुटायची. ट्रकवाले ओळखीचे झाले होते, लांबून हॉर्न वाजवायचे. नाल्याच्या पुलाशी ती एक घोट घ्यायची, परत येताना वाटलं तर आणखी एक. कधी मी निम्मी रिकामी होऊन घरी यायचे, कधी जवळजवळ भरलेली.

"काहून उरवलं पानी?" आई दारातच विचारायची.

"तहान नव्हती लागली."

एवढं साधं होतं सगळं. आणि तेच बरोबर होतं, हे तेव्हा त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, प्रेरणालासुद्धा नाही.

तालुक्याच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत ती पहिली आली. फोटोत तिच्या एका हातात ढाल होती आणि दुसऱ्या हातात मी. घरी येणारा प्रत्येक जण तो फोटो पाहायचा. प्रेरणाचे बाबा वामनराव बोटाने दाखवायचे, "हे पाहा, बाटलीसुदिक फोटोत आली." मला फार अभिमान वाटायचा, मित्रांनो. वस्तूंनाही कौतुक आवडतं.

त्याच सुमारास अमर सर आले. पांढरकवड्याच्या मैदानावर त्यांची अकादमी होती. खेड्यापाड्यांतली मुलं-मुली तिथे धावायला शिकायची. माणूस कष्टाळू होता. पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. प्रेरणाच्या पायांत काय आहे हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. एका क्रीडा मंडळाने फेब्रुवारीच्या शेवटी बेचाळीस किलोमीटरची शर्यत ठेवली होती, आणि पहिल्या तीन मुलींना नागपूरच्या एका कॉलेजात खेळाडू म्हणून जागा मिळणार होती, वसतिगृहासकट.

"तुले तिकडं जायचं आहे का कापूसच येचाचा आहे जिंदगीभर?" सरांनी विचारलं.

त्या रात्री प्रेरणा वसतिगृहात कोणत्या वस्तू न्यायच्या, ते आईला सांगत बसली. मीही त्यात होते.

सरांचा एक नियम होता. कुठे ऐकला, कोणाकडून ऐकला, कोण जाणे. "तहान लागाची वाट पाहाची नाही. तहान लागली म्हणजे उशीर झाला. शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलवर पानी, पोटात जागा असो का नसो." विजयमालाबाईंना हा नियम फार पटला. आपल्या मनातली भीती एखाद्या शिकलेल्या माणसाने बोलून दाखवावी, तसं त्यांना वाटलं.

शर्यतीचा दिवस उजाडला. पहिला टप्पा छान गेला. पहाटेचा गारवा होता आणि प्रेरणाची पावलं एका लयीत पडत होती. पण प्रत्येक टेबलापाशी अमर सर मोटारसायकल घेऊन उभे. ग्लास पाजायचे, वर मला काठोकाठ भरून द्यायचे आणि पुढच्या टेबलापर्यंत मी रिकामी झाली पाहिजे, असा हुकूम. त्या दिवशी मी किती वेळा भरले आणि किती वेळा रिकामी झाले, ते मलाही सांगता येणार नाही. नुसतं पाणी. चिमूटभर मीठसुद्धा नाही, खायला काही नाही.

"सर, पोट गच्च झालं," ती एकदा म्हणाली. "नको ना आता."

"ऊन चढून राह्यलं, पाहून नाही राह्यली? पी!"

लाऊडस्पीकरवर मंडळाचा माणूसही तेच ओरडत होता. पाणी प्या, पाणी प्या.

ऊन चढलं तशी तिची चाल मंदावली. मुली एकेक करून पुढे निघून गेल्या. तिच्या पोटात पाणी डचमळत होतं, मला कमरेवर बसून ते जाणवायचं. मग मला आणखी एक गोष्ट जाणवली. मला धरणारी तिची बोटं रोजची नव्हती. ती सुजून जाड झाली होती. बोटातली चांदीची अंगठी मांसात रुतली होती. ती सारखी कपाळ दाबत होती. "डोकं फुटते," असं ती स्वतःशीच म्हणाली.

शर्यतीचा रस्ता वामनरावांच्या शेतावरून जात होता. धुऱ्यावर विजयमालाबाई कळशी घेऊन सकाळपासून उभ्या होत्या. लेक दिसली तशा त्या धावत पुढे आल्या. प्रेरणा त्यांच्या पुढ्यात येऊन वाकली आणि ओकली. नुसतं स्वच्छ पाणी पडलं.

"बाई गं! पानी कमी पडलं लेकराले!"

बाईंच्या डोळ्यांपुढे भगवान उभा राहिला असणार. त्यांनी मला ओढून घेतलं, कळशीत बुडवलं आणि लेकीच्या तोंडाला लावलं. प्रेरणाने मान फिरवली. "नको, आई. जागा नाही." बाईंनी तिची मान धरली, लहानपणी औषध पाजताना धरतात तशी. मी रिकामी झाले. पुन्हा बुडाले. पुन्हा रिकामी झाले. तेवढ्यात सर आले. "पाजा, काकू, आनखी पाजा. उन्हानं झालं हे."

ती उठली. दहा-वीस पावलं चालली, आणि रस्ता सोडून तुरीच्या खुंटांत शिरली. "प्रेरणा, तिकडं कुठं?" आईने हाक मारली. तिने वळून पाहिलं. "तुम्ही कोन?" असं तिने आपल्या आईला विचारलं. मग ती पडली. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली, हातपाय झटके देऊ लागले. आणि मित्रांनो, त्या अवस्थेतसुद्धा गर्दीतलं कोणीतरी तिच्या ओठांवर पाणी सोडत होतं.

जीपमधून तिला यवतमाळला नेलं. मी विजयमालाबाईंच्या मुठीत होते. त्यांनी मला इतकं घट्ट धरलं होतं की माझं अंग आत गेलं. दवाखान्यात डॉक्टर गौरी होत्या. तरुण, शांत. त्यांनी प्रेरणाची बोटं पाहिली, अंगठी कापून काढायला सांगितली आणि विचारलं, "सकाळपासून किती पाणी प्यायली ही?"

"कमी," आई म्हणाली. "लय कमी, मॅडम. हे पाहा, एवढीशी तं बाटली."

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. तपासणीचं उत्तर आल्यावर त्यांनी एक वेगळं, जास्त मिठाचं सलाईन मागवलं आणि ते मोजून, थोडंथोडं दिलं. रात्रभर त्या खाटेपाशी येऊन-जाऊन होत्या. सकाळी प्रेरणाने डोळे उघडले आणि आईला ओळखलं.

मग डॉक्टर गौरींनी तिच्या खाटेपाशीच आईला आणि अमर सरांना समजावलं. "आपल्या रक्तात मीठ असतं. त्यातल्या सोडियमचं प्रमाण ठरलेलं असतं. खूप वेळ धावताना घामातून थोडं मीठ जातं, आणि वरून गरजेपेक्षा जास्त पाणी गेलं की रक्त पातळ होतं. धावताना शरीर ते पाणी पटकन बाहेरही टाकत नाही. मग अंग फुगतं, मेंदूला सूज येते, आकडी येते. हिला मिरगी नाही. उन्हाचा झटकाही नाही. हिला पाणी जास्त झालं."

"मग मीठ-साखर टाकून पाजलं असतं तर?" सरांनी विचारलं.

"बळेबळे पाजलं असतं, तरीही धोका होताच. तहान लागेल तेवढंच प्यायचं. पाण्यावाचून माणूस मरतो हे खरंच आहे. पण पोट भरल्यावर पाजायचं नसतं. ती पूर्ण बरी होईल. पुन्हा धावू शकेल."

विजयमालाबाईंचे ओठ हलले. "म्हंजे... म्या पाजलं म्हणून?"

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या जागी कोणीही हेच केलं असतं, ताई."

बाई बाहेर आल्या. बाकावर वामनराव बसले होते, रात्रभर न झोपलेले. "काय म्हणते मॅडम?" त्यांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे नाही.

"पानी कमी पडलं म्हणे," त्या म्हणाल्या.

अमर सर तिथेच उभे होते. त्यांनी ऐकलं. मग ते तसेच निघून गेले.

मंडळाने सरांना जाब विचारला, तेव्हा त्यांनी निराळंच सांगितलं. पोरीला आधीपासून फिट येत होती, घरच्यांनी लपवलं. पाणी कमी पडलं म्हणायची सोय त्यांना नव्हती, कारण पाण्याची टेबलं मंडळाचीच होती. पाणी जास्त झालं म्हणण्याची तर मुळीच नव्हती. वर्तमानपत्रात फिट आल्याच्या दोन ओळी आल्या. गावाला तेवढ्या पुरल्या.

मग सर घरी आले. मी स्वयंपाकघराच्या फळीवर होते. "वामनराव," ते म्हणाले, "मंडळ म्हणते, फिट येणाऱ्या पोरीले शर्यतीत घेता येत नाही. कॉलेजवालेही नाही म्हणते. माह्या हातात काही नाही."

प्रेरणा आतून बाहेर आली. अजून अशक्त होती, भिंत धरून उभी राहिली. "सर, मले मिरगी नाही. डॉक्टर मॅडमनं तुमच्यासमोर सांगतलं. तुम्हीच म्हणत होते ना, प्या, प्या?"

"मी म्हटलं," सर म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दारात तिच्या जवळ येऊन, वामनरावांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "पन शेवटी पाजलं कोनं? तेही सांगू का समद्यांले? तुहीच आई पोरीचा जीव घेत होती, म्हणून सांगू?"

चुलीपाशी विजयमालाबाई भाकर थापत होत्या. त्यांचा हात थांबला. प्रेरणाने आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिला एवढंच हवं होतं की आईने मान वर करावी. बाईंनी परातीतलं पीठ पुन्हा गोळा केलं आणि पुन्हा थापायला घेतलं.

"जाऊ द्या, सर," प्रेरणा म्हणाली.

वामनरावांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, मुलीने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुखीबाई विचारपूस करायला आल्या. विजयमालाबाईंनी मला फळीवरून उचललं. "हे पाहा, एवढीशी बाटली! काय पानी मावते हिच्यात? मोठी घेतली असती तं माही पोरगी पडली नसती." असं म्हणून त्यांनी मला अंगणात भिरकावलं. माझं टोपण तेव्हाच तडकलं. मित्रांनो, मला फेकल्याचं दुःख नाही. वस्तूंना एक दिवस फेकतातच. पण जे घडलं त्याच्या नेमक्या उलट कारणासाठी मला फेकलं, आणि फेकणारीला ते ठाऊक होतं. हे मला अजून सलतं.

वामनरावांनी मला शेतात आणलं आणि माझ्यात ऑइल भरलं.

प्रेरणा बरी झाल्यावर काही दिवस धावली. शेताच्या वाटेने जाताना मला खिडकीतून दिसायची. पण बायका वाटेत अडवायच्या. "पडशीन, बाई, पुन्हा फिट येईन." महागावचं एक स्थळ सांगून आलं होतं, ते निरोप न पाठवताच गप्प झालं. लग्न तिला नकोच होतं. पण वामनरावांच्या ते फार जिव्हारी लागलं. एके सकाळी ते वाटेतच उभे राहिले, तिचा दंड धरला आणि म्हणाले, "बस झालं. लोक तमाशा पाहून राह्यले आपला." तिने हात सोडवून घेतला नाही. पावसाळ्याआधी ती नागपूरला मावशीकडे गेली आणि कापडाच्या दुकानात कामाला लागली. तिथे दिवसभर उभं राहायचं असतं.

पुढच्या फेब्रुवारीत शर्यत पुन्हा झाली. तोच रस्ता, तोच लाऊडस्पीकर, तीच घोषणा. सरांच्या अकादमीतली खुशी नावाची मुलगी या वेळी धावत होती. माझ्या खिडकीसमोरच तिचे पाय अडखळले. ती धुऱ्यावर बसली, पोट धरून ओकली. मंडळाची पोरं ग्लास घेऊन धावली. सर आलेच. "पाजा, पाजा लवकर!"

विजयमालाबाई शेतात तुरीच्या काड्या बांधत होत्या. त्या आल्या, गर्दीतून आत घुसल्या आणि खुशीची बोटं हातात घेतली. मग त्यांनी ग्लास धरलेल्या हातावर असा फटका मारला की पाणी सरांच्या अंगावर उडालं.

"पानी नोका देऊ पोरीले!"

"काकू, बाजूले व्हा. उष्माघात होईन तिले."

"उष्माघात मले नको शिकवू! माहा भाऊ गेला त्याच्यात. त्याचं अंग तापलं होतं, पोट खपाटीले होतं. हिचे बोटं पाहा, सुजले! पोट पाहा!" त्यांचा आवाज फाटला. "माह्या पोरीले मिरगी नव्हती. तिले पानी जास्त झालं होतं. तू पाजलं, अन् शेवटचं म्या पाजलं. या हातानं! डॉक्टर मॅडमनं सांगतलं होतं, अन् म्या खोटं बोलली. तूही बोलला!"

वामनराव धुऱ्याच्या पलीकडे उभे होते. त्यांच्या हातातला विळा खाली पडला.

खुशीला पाणी न पाजता गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिला आकडी आली नाही. चार दिवसांत ती घरी आली. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ओळ आली, ती अशी: उन्हामुळे एका धावपटूला त्रास. सर अजून मैदानावर शिकवतात. गावात काही जण म्हणाले, पोरीच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलं.

त्याच संध्याकाळी बाई मोटरीच्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं आणि फोन लावला. त्यांना फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवला होता.

"प्रेरणा, आज म्या समद्यांसमोर सांगतलं. तुह्या बाबासमोर. तुले मिरगी नाही, म्या पाजलं, म्हणून."

पलीकडे दुकानातला गलबला ऐकू येत होता. कोणीतरी साडीचा भाव विचारत होतं.

"खुशी कशी आहे?" प्रेरणाने विचारलं.

"बरी आहे. वाचली."

"बरं झालं."

"तू ये ना वापस, बेटा. धाव पुन्हा. बाबा काही नाही म्हणन आता. तेच म्हणे, बोलाव तिले."

पलीकडचा गलबला दूर गेला; प्रेरणा बाजूला गेली असावी. मग म्हणाली, "आई, त्या दिवशी सर घरी आलते. तवा मी तुह्याकडं पाहून राह्यली होती."

"हाव," बाई म्हणाल्या. "मले माहीत आहे."

"गिऱ्हाईक आलं, आई. ठेवू?"

बाईंनी फोन पदरात धरला आणि मोटरीला टेकून जमिनीवरच बसल्या. बाहेर अंधार पडेपर्यंत बसून होत्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी लांब धावणारं असेल, कोणी शेतात उन्हात राबणारं असेल. पाणी सोबत जरूर न्या. तहान लागली की प्या, आणि पोट नको म्हणालं की थांबा. कोणी कोसळलं, तर त्याच्या तोंडाला बाटली लावण्याआधी विचारा, हा सकाळपासून किती प्यायला? बोटं सुजलीत का, ते पाहा, आणि दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांनी एखादी गोष्ट सांगितली, ती कितीही बोचली तरी, बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला तशीच सांगा. तिथल्या तिथे सांगा. विजयमालाबाईंनी अखेर खरं सांगितलं, आणि एक मुलगी वाचली. पण ती त्यांची नव्हती.